ग्रॅनव्हिल शार्प : त्यांचे कूळ व त्यांचे कार्य

आपल्याकडे अनोळखी मनुष्य गावात आला म्हणजे लोक प्रथम त्याचे नाव विचारतात, आणि नावाने समाधान न होऊन आडनाव, गाव व शेवटी कूळ विचारतात. ज्यांच्या घरी वतनाचे कागद असतात त्यांची बासने पिढ्यान् पिढ्या जपली जातात. ज्यांच्यासाठी भाट येऊन पूर्वजांची नावे म्हणून दाखवितो त्यांचा मान निराळा असतो. आणि ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणीच लिहून ठेविली नाहीत, त्यांनी उभे कोठे राहावे हेसुद्धा दुसऱ्यांनीच ठरवावयाचे, अशी पुष्कळ काळ रीत होती. ही रीत केवळ आपल्याच देशाची असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकातील इंग्लंडात कुळाचे माहात्म्य फार होते. वंशावळीच्या पुराव्यावर एखादा मनुष्य उमराव ठरे, आणि विक्रीच्या चिठ्ठीवर दुसरा मनुष्य एखाद्याचा माल ठरे. ह्या दोन्ही प्रकारचे कागद ज्यांच्या हाती आले, आणि तेही एकाच वर्षाच्या आगेमागे, अशा एका गृहस्थाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव ग्रॅनव्हिल शार्प.

प्रथम त्यांचेच कूळ पाहू. इंग्लंडाच्या उत्तरेस यॉर्कशायर प्रांतात ब्रॅडफर्ड नावाचे गाव आहे. तेथे सतराव्या शतकात टॉमस शार्प नावाचा व्यापारी मीठ व रंगकामाची द्रव्ये विकीत असे. हा ग्रॅनव्हिलचा पणजोबा. त्या काळी राजा व पार्लमेंट यांच्यामध्ये युद्ध जुंपले होते. टॉमस हा प्यूरिटन पंथाचा, पार्लमेंटाच्या बाजूचा, आणि सेनापती फेअरफॅक्स यांच्या मर्जीतला होता. त्याची पत्नी डॉरोथी मात्र राजाची कट्टर पक्षपाती होती. एकाच घरात बापाने मुलास प्यूरिटनांची मते शिकवावी आणि आईने त्याच मुलाच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक द्यावे, असा तो संसार होता. ह्या दोघांचा पुत्र जॉन शार्प १६४५ त जन्मला. तो विद्वान व प्रभावी उपदेशक निघाला, आणि १६९१ पासून १७१४ त मरेपर्यंत यॉर्कच्या आर्चबिशपाच्या पदावर होता. मिठाच्या दुकानातील मुलगा इंग्लंडातील दुसऱ्या क्रमांकाचा धर्माधिकारी झाला.

ह्या आर्चबिशपांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ते लंडनमध्ये सेंट जाईल्स मंडळीचे आचार्य असता १६८६ त त्यांनी रोमन मताविरुद्ध उपदेश केला. दुसरा जेम्स राजा स्वतः रोमन मताचा असल्याने त्यास राग आला, आणि शार्प यांस उपदेश करण्यास बंदी करावी असा हुकूम त्याने लंडनचे बिशप कॉम्प्टन यांस पाठविला. चौकशी झाल्यावाचून शिक्षा देणे कायद्यास धरून नाही म्हणून बिशपांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांच्याच अधिकारावर गदा आली. राजाचा हुकूम एका बाजूस आणि देशाचा कायदा दुसऱ्या बाजूस असता कायदा श्रेष्ठ, ही गोष्ट शार्पांच्या घरात मुलांनी लहानपणापासून ऐकली असेल, असे मानण्यास हरकत नाही.

आर्चबिशपांचे चिरंजीव टॉमस हे नॉर्थंबरलंडचे आर्चडीकन झाले. तेही मोठे विद्वान होते, व हिब्रू भाषेच्या वादविषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांची पत्नी ज्युडिथ व्हीलर. ग्रॅनव्हिल हे नाव आले ते आईच्या बाजूने. ज्युडिथचे वडील सर जॉर्ज व्हीलर तरुणपणी फ्रेंच वैद्य जाकोब स्पॉन यांच्याबरोबर ग्रीस देशात फिरले, १६८२ त त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, आणि मग ते डरॅम येथील मोठ्या देवळात धर्मसेवक झाले. त्यांच्या पत्नीची आई ब्रिजेट ही ग्रॅनव्हिल घराण्यातली. तिचे वडील सर बेव्हिल १६४३ त राजाच्या बाजूने लढत असता लॅन्सडाउनच्या टेकडीवर पडले. म्हणजे पाहा, बापाकडचा पणजोबा पार्लमेंटाचा, आणि आईकडचा खापरपणजोबा राजासाठी रणात पडलेला सरदार. ज्या दोन पक्षांनी एकमेकांचे रक्त सांडले त्यांचे रक्त तीन-चार पिढ्यांत एकाच पाळण्यात आले. वंशावळी वाचताना आपण सहसा घाई करतो. शुभवर्तमानाच्या आरंभीची वंशावळसुद्धा पुष्कळ उपदेशक मंडळीत वाचीत नाहीत. पण थोडे थांबून वाचले तर अशा गोष्टी तेथे सापडतात.

ग्रॅनव्हिल १७३५ च्या नोव्हेंबरात डरॅम येथे जन्मले. आर्चडीकनांचे ते नववे व सर्वांत धाकटे पुत्र. कूळ थोर, पण पैसा थोडा. थोरल्या मुलांच्या विद्येपायी शिल्लक संपली, आणि धाकट्याचे शाळेतील शिक्षण लवकर थांबवून त्यास अक्षर व हिशेब तेवढा शिकविण्यात आला. १७५० त, पंधराव्या वर्षी, आर्चबिशपांचा हा नातू लंडनमध्ये टॉवर हिल येथे एका क्वेकर कापड-व्यापाऱ्याच्या दुकानी उमेदवार म्हणून राहिला. पुढे मालक बदलत गेले, व त्यांचे पंथही निरनिराळे होते.

दुकानातील सोबत्यांत एक जण ख्रिस्ताचे देवत्व न मानणाऱ्या सोसिनियन पंथाचा होता. तो वादात म्हणे की, तुला ग्रीक येत नाही म्हणून तू चुकतोस. ग्रॅनव्हिल रात्री बसून ग्रीक शिकले. दुसरा एक सोबती यहूदी होता. त्याचे म्हणणे असे की, हिब्रू येत नसता भविष्यवाद्यांविषयी बोलू नये. तेव्हा ते हिब्रू शिकले. दिवसा गजाने कापड मोजावे आणि रात्री व्याकरण घोकावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याचे फळ पुष्कळ उशिरा, १७९८ त, दिसले. नव्या करारातील ग्रीक उपपदांविषयी एक नियम त्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि ग्रीक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस आजही सांगितला जातो. सोबत्याशी वाद पडला असता आवाज न चढविता भाषा शिकावयास बसणारा मनुष्य विरळा.

आता विलोबींची गोष्ट. ग्रॅनव्हिल यांच्या मालकांपैकी एकाचे नाव हेन्री विलोबी. ह्या साध्या व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, पारहमचे लॉर्ड विलोबी ही पदवी खरोखर आपल्या घराण्याची आहे. १६८० त थोरली शाखा नामशेष झाली असे समजून तो मान धाकट्या शाखेस देण्यात आला होता. पण थोरली शाखा नामशेष झालीच नव्हती, आणि हेन्री हा त्याच शाखेचा वंशज. असे म्हणणे सोपे, सिद्ध करणे कठीण. ग्रॅनव्हिल यांनी ते काम अंगावर घेतले. जुने कागद शोधणे, कोणाचा बाप कोण व कोणाचा विवाह केव्हा झाला हे एकेक जुळविणे, अशा श्रमांनी पुराव्याची साखळी त्यांनी जोडली. १७६७ त उमरावांच्या सभेने हेन्री विलोबीचा हक्क मान्य केला, आणि कालचा व्यापारी लॉर्ड होऊन त्या सभेत बसला. त्या मानाचे आयुष्य थोडेच निघाले. १७७९ त पुरुष वारस न उरल्याने ती पदवी संपली. परंतु ग्रॅनव्हिल यांच्या हातास जी सवय लागली ती संपली नाही. लोक म्हणतात तेच खरे न मानता मूळ कागदापर्यंत जावयाचे, आणि शंभर वर्षांची चूक असली तरी ती चूकच म्हणावयाची, ही ती सवय.

उमेदवारी संपल्यावर १७५८ पासून ते लंडनच्या किल्ल्यात तोफखाना-खात्यात कारकून होते. त्यांचे थोरले बंधू विल्यम नामांकित शस्त्रवैद्य होते, आणि मिन्सिंग लेन येथील आपल्या घरी रोज सकाळी गरिबांस फुकट तपाशीत. १७६५ त एके दिवशी ग्रॅनव्हिल त्या घरी गेले असता दाराशी रोग्यांच्या रांगेत एक आफ्रिकन मुलगा त्यांस दिसला. वय सोळा-सतरा, डोळ्यांस नीट दिसत नव्हते, पाय धड टेकत नव्हता, अंगात ताप होता. त्याचे नाव जोनाथन स्ट्राँग. बार्बाडोस बेटातील डेव्हिड लाईल नावाच्या वकिलाने त्यास गुलाम म्हणून लंडनला आणिले होते. त्याने पिस्तुलाच्या दस्त्याने मुलाच्या डोक्यावर इतके मारिले की पिस्तूल तुटले, आणि मग निरुपयोगी वस्तू टाकावी तसे त्यास रस्त्यावर टाकून दिले. दोघां भावांनी त्यास सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ठेविले. चार महिन्यांहून अधिक काळ तो तेथे होता. बरा झाल्यावर शार्प बंधूंनी त्यास एका औषधविक्याकडे निरोप्याचे काम मिळवून दिले.

दोन वर्षे गेली. १७६७ त, म्हणजे ज्या वर्षी विलोबीचे कूळ सिद्ध झाले त्याच वर्षी, लाईलने रस्त्यात जोनाथनला पाहिले. मुलगा धडधाकट झालेला पाहून त्यास आपला माल आठवला. त्याने जेम्स केर नावाच्या जमेकातील मळेवाल्याशी तीस पौंडांस सौदा केला. मुलगा जहाजावर चढविल्यावर पैसे द्यावयाचे असे ठरले. तीस हा आकडा ऐकून आमच्या वाचकांस दुसरी एक विक्री आठवेल. जोनाथनला फसवून पकडण्यात आले आणि जहाज निघेपर्यंत पोल्ट्री कॉम्प्टर नावाच्या तुरुंगात डांबण्यात आले. तेथून त्याने ग्रॅनव्हिल शार्प यांस निरोप पाठविला.

शार्प तुरुंगात गेले, आणि तेथून थेट लंडनचे लॉर्ड मेयर सर रॉबर्ट काइट यांच्याकडे. ह्या मुलास कोणत्या अपराधाबद्दल कोंडले आहे, एवढेच त्यांनी विचारिले. १८ सप्टेंबरला चौकशी झाली. अपराध नव्हताच, होती ती विक्रीची चिठ्ठी. मेयरांनी मुलास मोकळे केले. परंतु मळेवाल्याच्या वतीने आलेल्या जहाजाच्या कप्तानाने सर्वांदेखत जोनाथनचा दंड धरिला आणि हा केर यांचा माल आहे असे सांगू लागला. शार्प यांनी तेथेच त्यास बजाविले की, ह्या मनुष्यास हात लावाल तर मारहाणीचा आरोप ठेवीन. कप्तानाने हात सोडला.

कोणास वाटेल, गोष्ट येथे संपली. तसे झाले नाही. लाईलने शार्प यांस द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, आणि केरने दुसऱ्याचा माल हिरावून घेतल्याबद्दल दोनशे पौंडांचा दावा लाविला. शार्प वकिलांकडे गेले, तो वकिलांनीच माना हालविल्या. १७२९ त सरकारच्या दोघा मुख्य वकिलांनी असे मत दिले होते की, गुलाम इंग्लंडात आल्याने मुक्त होत नाही, आणि बाप्तिस्मा घेतल्यानेही होत नाही. त्या मताची भीती अशी की, थोर कायदेपंडितसुद्धा त्यापुढे जावयास धजत नव्हते. बाप्तिस्मा पावलेला मनुष्य मंडळीत बंधू आणि मंडळीबाहेर बाजारातील गुरू, हे मत ख्रिस्ती देशातील ख्रिस्ती पंडितांनी लिहून दिले होते, ही गोष्ट आपण लपवू नये.

शार्प यांनी तोपर्यंत कायद्याचे एकही पुस्तक उघडिले नव्हते. आता ते दोन वर्षे कायदा वाचीत बसले. कचेरीतून सुटल्यावर रात्री हेच काम. विलोबीसाठी ज्यांनी वंशावळीचे कागद चाळिले तेच डोळे आता पार्लमेंटाचे जुने कायदे व जुने निवाडे चाळू लागले. आणि पुन्हा तेच आढळले, की लोक समजतात ते कागदात नाही. इंग्लंडाच्या कायद्यात एका मनुष्यास दुसऱ्याचा माल ठरविणारे कलम त्यांस कोठेच सापडले नाही. आपली टिपणे त्यांनी प्रथम हस्तलिखित रूपाने वकिलांत फिरविली आणि १७६९ त पुस्तक म्हणून छापिली. केरच्या वकिलांचा धीर सुटला. दावा बुडाला आणि खर्चाची तिप्पट रक्कम उलट त्यासच भरावी लागली. जोनाथन स्ट्राँग मात्र फार जगला नाही. त्या माराने खिळखिळे झालेले त्याचे शरीर १७७३ त, सुमारे पंचविसाव्या वर्षी, थकले.

पुढचा प्रसिद्ध खटला जेम्स सॉमरसेट याचा. चार्ल्स स्टूअर्ट नावाच्या मालकाने त्यास अमेरिकेतून लंडनला आणिले होते. तेथे १७७१ त त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी तो मालकाकडून निघून गेला, पकडला गेला, आणि जमेकास विकण्यासाठी थेम्स नदीतील जहाजात साखळदंडांनी बांधला गेला. त्याला इंग्लंडात ना बाप होता, ना भाऊ. तरी न्यायाधीशांकडे त्याच्यासाठी तिघे जण धावले : टॉमस वॉकिन, एलिझाबेथ केड व जॉन मार्लो. ते त्याचे धर्मपिते व धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्यासाठी उभे राहिलेले लोक होते. आपल्या मंडळ्यांत हे नाते पुष्कळदा त्या दिवसापुरतेच उरते. त्या तिघांनी मात्र शपथेवर अर्ज केला, आणि कैद्यास न्यायासनापुढे हजर करावे असा हुकूम मिळविला.

१७७२ च्या जानेवारीत सॉमरसेट शार्प यांच्या घरी आला. शार्प यांनी वकील जमविले, त्यांस आपली टिपणे दिली, आणि आपण न्यायालयात गेलो तर न्यायाधीश चिडतील म्हणून ते स्वतः घरीच राहिले. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड हे निकाल टाळू पाहत होते, कारण हजारो गुलामांचे मालक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्याच घरी त्या वेळी डायडो बेल नावाची मुलगी वाढत होती. ती त्यांच्या भाच्याची मुलगी, आणि तिची आई गुलाम स्त्री. २२ जूनला निकाल झाला : कोणाही मालकास आपला गुलाम बळजबरीने इंग्लंडाबाहेर नेता येणार नाही. ह्याने सगळी गुलामगिरी मोडली असे नाही. वसाहतींतील साखरेच्या मळ्यांवर ती तशीच राहिली, आणि इंग्लंडातही पळवापळवी एकदम थांबली नाही. पण सॉमरसेट त्या दिवशी मोकळा मनुष्य म्हणून बाहेर पडला.

शार्प यांच्या भावंडांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून हे कार्य चालतेच ना. थोरले बंधू जॉन हे आर्चडीकन होते. त्यांच्या देखरेखीखाली बॅम्बरो येथील समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यात गरिबांसाठी शाळा व दवाखाना होता, टंचाईत धान्य स्वस्त विकले जाई, आणि वादळी रात्री घोडेस्वार किनाऱ्यावर फिरून फुटलेल्या जहाजांतील खलाशांस वाचवीत. जेम्स हे लोखंडी सामानाचे व्यापारी. भगिनी एलिझाबेथ ही वैधव्यात विकन येथील शेतजमीन स्वतः पाही. ही सर्व भावंडे वाद्ये वाजवीत, आणि थेम्स नदीवर नावेत बसून गायन-वादन करीत. झोफानी नावाच्या चित्रकाराने काढलेले त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. इंग्रजी संगीतात तीव्र स्वरास शार्प म्हणतात, म्हणून ग्रॅनव्हिल कधी कधी नावाऐवजी तीव्र स्वराची खूण लिहून सही करीत. गंभीर मनुष्यास विनोद वर्ज्य नसतो.

१७७५ त अमेरिकेतील वसाहतींशी युद्ध पेटले, आणि तोफा-दारूगोळा पाठविण्याचे कागद शार्प यांच्या मेजावर येऊ लागले. हे युद्ध अन्यायाचे आहे असे त्यांचे मत असल्याने त्यांनी प्रथम रजा घेतली आणि मग नोकरीच सोडली. चाळिशीच्या मनुष्याने, दुसरे साधन नसता, सरकारी नोकरी सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. भावांनी त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्यांच्या कार्यात खंड पडू दिला नाही. ग्रॅनव्हिल यांनी विवाह केला नाही.

१७८३ त ओलाउडा इक्वियानो हा एके काळी गुलाम असलेला आफ्रिकन ख्रिस्ती त्यांच्याकडे एक भयंकर बातमी घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी झाँग नावाच्या जहाजावरून १३० हून अधिक जिवंत गुलामांस समुद्रात फेकून देण्यात आले होते, आणि जहाजाच्या मालकांनी माल बुडाला म्हणून विमेवाल्यांकडे माणशी तीस पौंड मागितले होते. पुन्हा तोच आकडा. हा खुनाचा खटला व्हावा म्हणून शार्प यांनी फार खटपट केली, पण सरकारने कोणावरही खटला भरिला नाही. चार वर्षांनी, १७८७ च्या मे महिन्यात, गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी बारा जणांची सभा स्थापन झाली. त्यांत नऊ क्वेकर होते, आणि अध्यक्ष शार्प. विनयामुळे ते अध्यक्षाच्या खुर्चीत बसत नसत. सभेने व्यापारापुरताच प्रश्न हाती घेतला. शार्प यांचे म्हणणे, गुलामगिरीच पाप आहे, तर अर्धीच का बोलावी? तो व्यापार १८०७ च्या कायद्याने बंद झाला.

त्यांचे सर्वच बेत तडीस गेले नाहीत. लंडनच्या रस्त्यांवर हाल सोसणाऱ्या आफ्रिकन लोकांसाठी १७८७ त त्यांनी सिएरा लिओन येथे स्वतंत्र वस्ती वसविण्यास मदत केली, व त्यात आपला पैसाही घातला. सुमारे चारशे लोक गेले. ते पोहोचले ते पावसाळ्याच्या तोंडी. रोगाने पुष्कळ मेले, आणि १७८९ त तेथील एका राजाने वस्ती जाळून टाकिली. शार्प यांस त्याहून मोठे दुःख दुसऱ्याच गोष्टीचे झाले. हेन्री डमेन नावाच्या मनुष्यास त्यांनी पूर्वी जमेकास निघालेल्या जहाजावरून सोडवून आणिले होते. तो त्या वस्तीत गेल्यावर स्वतःच गुलामांचा व्यापार करू लागला. शार्प यांनी त्यास कडक पत्र लिहिले. पण त्याच्यामुळे इतरांची मदत थांबविली नाही.

१८०४ च्या ७ मार्चला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्षस्थान शार्प यांस दिले होते. मराठी पवित्र शास्त्राच्या छपाईस ज्या संस्थेचे फार साहाय्य झाले ती हीच. मुंबईस तिची शाखा १८१३ त निघाली. त्याच वर्षी ६ जुलैला शार्प फुलम येथे वारले. तेथील ऑल सेंट्स देवळाच्या आवारात बंधू विल्यम व भगिनी एलिझाबेथ यांच्याबरोबर त्यांस पुरिले आहे. वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांचे स्मारक नंतर उभारिले गेले.

त्यांचा वंश पुढे चालला नाही. घराण्याची कागदपत्रे विल्यम यांच्या मुलीच्या वंशजांनी जपून ठेविली, आणि ती आता ग्लॉस्टरशायरच्या दप्तरखान्यात आहेत. आर्चबिशप जॉन शार्प यांचे कागद त्यांत आहेत, आणि आपल्यास कायदा शिकणे का भाग पडले ह्याविषयी ग्रॅनव्हिल यांनी स्वहस्ते लिहिलेली हकीकतही आहे. तिच्यात जोनाथन स्ट्राँगचे नाव आहे.